कानांसाठी रचलेले पुराण : फादर थॉमस स्टीफन्स



हाती ग्रंथ नसेल तर श्रद्धा कशाच्या आधारे टिकते? या प्रश्नाचे उत्तर येशूसंघीय धर्मगुरू व कवी फादर थॉमस स्टीफन्स यांच्या जीवनात सापडते. त्यांच्या 'ख्रिस्तपुराणा'चे नाव आपल्या कानांवर असते. परंतु हे काव्य मुकाट्याने वाचण्यासाठी नव्हे, तर मोठ्याने म्हणण्यासाठी व ऐकण्यासाठी रचले गेले, हे आपल्या लक्षात राहत नाही.

फादर स्टीफन्स यांचा जन्म सुमारे १५४९ साली इंग्लंडमधील विल्टशर परगण्यातील बुश्टन गावी झाला. राणी एलिझाबेथच्या त्या राजवटीत कॅथलिक म्हणून जगणे धोक्याचे होते. त्यांनी रोम गाठले व १५७५ साली येशूसंघात प्रवेश केला. ४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बनहून जहाजाने निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यात पोहोचले. मायदेशी ते पुन्हा कधीच गेले नाहीत.

गोव्यातील साष्टी हा प्रदेश त्यांची कर्मभूमी ठरला. तेथील जखमा ताज्या होत्या. १५६७ साली पोर्तुगीजांनी साष्टीतील देवळे पाडली होती. २५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळी येथे फादर रुडॉल्फ आक्वाविवा यांच्यासह पाच येशूसंघीयांची हत्या झाली, आणि पोर्तुगीजांनी त्याचा सूड गावातील प्रमुखांना ठार करून घेतला. हुतात्म्यांचे मृतदेह मिळवून त्यांना मूठमाती देण्याच्या कामी फादर स्टीफन्स पुढे होते. त्याच वर्षी भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांसारखी असल्याचे नमूद केले. चहूकडे वैर पेटले असताना हा धर्मगुरू लोकांची भाषा कान देऊन ऐकत होता.

नवख्रिस्ती लोकांची एक व्यथा होती. त्यांची जुनी पुराणे गेली होती आणि त्या जागी काहीच आले नव्हते. धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरे पाठ होत, पण मनाला रिझवणारी कथा नव्हती. फादरांनी ही भूक ओळखली. ज्या ओवीतून मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या देवाची कथा ऐकत आला, तीच ओवी त्यांनी हाती घेतली. स्वर्गाला त्यांनी 'वैकुंठ' म्हटले. ग्रंथारंभी मराठी भाषेची मनापासून स्तुती केली. सुमारे ११,००० ओव्यांचे हे पुराण दोन भागांत आहे. पहिल्यात सृष्टीच्या निर्मितीपासून तारणाऱ्याच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा आहे, तर दुसऱ्यात प्रभू येशूचे जीवन. आपले लेखन येथील लिपीत छापावे अशी त्यांची इच्छा होती. त्यासाठी १६०८ साली त्यांनी रोमला पत्रही लिहिले. परंतु १६१६ साली रायतूर येथे पुराण छापले गेले ते रोमन लिपीतच. १६१९ साली फादर गोव्यातच प्रभूघरी गेले. त्यांचे कोकणी व्याकरण त्यांच्या निधनानंतर, १६४० साली प्रसिद्ध झाले.

पुराण देवळादेवळांतून म्हटले जाऊ लागले. १६४९ व १६५४ साली त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. मग १६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज सरकारने लोकभाषांविरुद्ध फर्मान काढले. आज त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत उपलब्ध नाही. तरीही पुराण नाहीसे झाले नाही. ते लोकांच्या मुखी होते, आणि जे मुखी होते ते हाताने उतरवून घेतले जात होते. अशा हस्तलिखितांवरूनच १९०७ साली मंगळूर येथे ते पुन्हा छापले गेले.

कागदावरील शब्द कपाटात एकटा पडून राहू शकतो. उच्चारलेल्या शब्दाला मात्र दोघे लागतात, बोलणारा आणि ऐकणारा. म्हणूनच श्रद्धा ऐकण्यातून येते असे संत पौल रोमकरांस शिकवतो. दर रविवारी वेदीजवळ उभे राहून देवशब्द वाचणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. आदल्या दिवशी घरी तो उतारा दोनदा मोठ्याने वाचावा. आपण बाकांवर बसणाऱ्यांनी त्या वेळी पत्रिकेत डोके न घालता वाचणाऱ्याकडे कान द्यावा. ही पत्रिकासुद्धा मिस्सानंतर वाचावी. आणि संध्याकाळी रोझरीनंतर आजी-आजोबांनी नातवंडांना बायबलमधील एक गोष्ट आपल्या बोलीत सांगावी. ती कुठे छापली जाणार नाही, पण नातवंडांच्या मनात राहील.

आपला,
प्रमुख धर्मगुरू