दूरच्यांची साक्ष

सत्य कोणाच्या मुखातून आले यावरून आपण त्याची किंमत ठरवतो काय? डॉ. जॉन रे यांचे चरित्र हाच प्रश्न आपल्यापुढे ठेवते.

स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर १८१३ साली त्यांचा जन्म झाला. १८३३ मध्ये ते वैद्य म्हणून हडसन्स बे कंपनीत गेले. ही कंपनी उत्तर अमेरिकेत प्राण्यांच्या केसाळ कातड्यांचा व्यापार करीत असे. तेथील क्री व इन्यूइट लोकांपासून रे बर्फावरची चाल, शिकार आणि हिमगृह बांधणे शिकले. म्हणूनच मोजक्या सोबत्यांसह ते आर्क्टिक किनाऱ्याची पाहणी करू शकले.

वायव्य सागरी मार्ग शोधण्यास १८४५ मध्ये निघालेले सर जॉन फ्रँकलिन व त्यांची माणसे, एकूण १२९ जण, बेपत्ता झाले होते. १८५४ मध्ये इन्यूइटांनी रे यांना दुभाष्यामार्फत सांगितले, की ते गोरे लोक उपासमारीने मेले आणि शेवटी काहींनी मृत सोबत्यांचे मांस खाल्ले. मोहिमेतील चांदीचे चमचेही त्यांच्यापाशी होते. रे यांनी ही साक्ष न लपवता आरमाराला कळवली. इंग्लंडात संताप उसळला. चार्ल्स डिकन्स यांनी तर इन्यूइटांवरच अविश्वास दाखवला. रे आपल्या शब्दावरून ढळले नाहीत. इतर संशोधकांना लाभलेला ‘सर’ हा किताब त्यांना मिळाला नाही. १८९३ मध्ये ते वारले.

१९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने त्या खलाशांच्या हाडांवरील सुरीच्या खुणा दाखवल्या. इन्यूइट खरे बोलले होते. वाचकहो, परक्या भाषेतली साक्ष ऐकताना आपण रे यांच्यासारखे कान देतो काय?