तुरुंगाच्या वाटेवरचा गोंयचो सायब

माझं घर डिचोलीत आणि आजोळ पेडण्यात. आजोळहून परतताना म्हापशाची बस धरावी लागते. ती कोलवाळला थांबते तेव्हा कधीकधी एखादी बाई जड पिशवी सांभाळत उतरते. कोलवाळला मध्यवर्ती तुरुंग आहे. कुणीतरी हळूच म्हणतं, भेटीला चालली वाटतं. मग सगळे खिडकीबाहेर बघत बसतात. गुन्हा एकाने केलेला असतो, मान मात्र सगळ्या घराची खाली जाते.

गोव्याशी नातं असलेल्या एका थोर व्यक्तीवर लिहायचं म्हणून मी सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं चरित्र वाचायला घेतलं. आमच्या घरात त्यांना गोंयचो सायब असंच म्हणतात. ३ डिसेंबरच्या फेस्ताला माझी आजी जुन्या गोव्याला जाऊन मेणबत्ती लावून यायची. पण ते स्वतः अशाच एका मान खाली गेलेल्या घरातले होते, हे मला ठाऊक नव्हतं.

त्यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी नावारा राज्यातल्या झेवियर किल्ल्यात झाला. हे राज्य आजच्या स्पेनच्या उत्तर भागात होतं. वडील राजाच्या दरबारात मोठ्या पदावर. १५१२ मध्ये स्पेनने नावारा जिंकलं. वडील १५१५ मध्ये वारले आणि पुढच्याच वर्षी नव्या सत्तेच्या हुकमाने किल्ल्याचे बुरूज पाडले गेले. फ्रान्सिस तेव्हा दहा वर्षांचा होता. घरातला सगळ्यात धाकटा.

त्याचे दोन मोठे भाऊ, मिगेल आणि हुआन, जुन्या राजासाठी लढत राहिले. मिगेल पकडला गेला, पाम्प्लोनाच्या तुरुंगातून निसटला आणि पुन्हा लढायला गेला. १५२३ च्या डिसेंबरात सम्राटाने बंडखोरांना माफी जाहीर केली, पण त्यातून काही जणांना वगळलं. या दोघा भावांना मृत्युदंड आणि मालमत्ता जप्तीची शिक्षा होती. घरी विधवा आई मारिया आणि सतरा वर्षांचा फ्रान्सिस. भाऊ दूर एका वेढलेल्या किल्ल्यात लढत होते. ते हाती लागले असते तर फाशीच. १५२४ मध्ये तो किल्ला शरण आला आणि भावांना माफी मिळाली. पण मधले ते महिने त्या आईने कसे काढले असतील?

१५२५ मध्ये फ्रान्सिस शिकायला पॅरिसला गेला. तिथे त्याला इग्नेशियस लोयोला भेटले. गंमत म्हणजे १५२१ च्या लढाईत इग्नेशियस पाम्प्लोनात स्पेनच्या बाजूने लढत होते आणि तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला होता. झेवियरचे भाऊ त्याच युद्धात विरुद्ध बाजूला होते! तरी दोघे जिवाभावाचे मित्र झाले. १५३४ मध्ये सोबत्यांसह त्यांनी व्रत घेतलं आणि त्यातूनच पुढे येशूसंघ उभा राहिला.

धर्मगुरू झाल्यावर झेवियर १५४० मध्ये लिस्बनला आले. तिथे धर्मन्यायालयाच्या, म्हणजे इन्क्विझिशनच्या, कैद्यांना भेटायचं काम त्यांच्याकडे आलं. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले. राहिले ते इस्पितळात, रोग्यांच्या शेजारी. रोग्यांची सेवा झाली की तुरुंगात जायचे, आणि रविवारी शहराबाहेर कुष्ठरोग्यांकडे.

त्या काळी गोव्यात मिझेरिकॉर्दिया नावाची संस्था होती. मूळ संस्था लिस्बनची, १४९८ ची. तिचे सभासद गरीब कैद्यांना मदत करत, फाशी जाणाऱ्याच्या सोबत वधस्तंभापर्यंत चालत आणि त्याला मूठमाती देत. विधवांना, अनाथ मुलांनाही आधार देत. म्हणजे ज्या दाराकडे गाव पाठ फिरवतं, त्या दारापर्यंत ही माणसं पोहोचत. १५४९ मध्ये झेवियरनी आपले सहकारी गास्पार बार्झेउस यांना होर्मूझला पाठवलं. त्यांना दिलेल्या सूचनांत कैद्यांना भेटा आणि मिझेरिकॉर्दियाला साथ द्या, हे आवर्जून होतं.

इथेच थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. पण मी डिचोलीचा. आमच्या तालुक्यातल्या नार्व्याचा सप्तकोटेश्वर मूळचा दिवाडी बेटावरचा. तिथलं देऊळ पोर्तुगीज राजवटीत मोडलं, तेव्हा देव नदीपलीकडे आणावा लागला. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी नार्व्याचं देऊळ नव्याने बांधवलं. आणि १५४६ मध्ये अंबोनहून पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन पाठवा, अशी मागणी झेवियरनीच केली होती. ते १५६० मध्ये आलं. झेवियर तेव्हा हयात नव्हते. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर त्यांचं निधन झालं होतं. पुढे त्या न्यायालयाने माणसं जाळली, मालमत्ता जप्त केल्या. किती आया मारियासारख्या वाट बघत बसल्या असतील!

स्वतःच्या घराने जे सोसलं ते दुसऱ्यांच्या घरांवर येईल, हे त्यांच्या मनात आलं नसेल का? मला उत्तर सापडलं नाही. त्यांच्या काळाचा दोष म्हणून सोडून द्यावं, असंही वाटत नाही. आजी असती तर म्हणाली असती, सायबालाही सगळंच कळत नव्हतं रे.

पण रोज तुरुंगाची वाट चालणारा तो माणूसही खोटा नव्हता. मी त्यातलं तेवढं घेतो. पुढच्या वेळी कोलवाळला कुणी उतरायला लागली, तर खिडकीबाहेर बघणार नाही. निदान तिची पिशवी खाली द्यायला उठेन.