एक्सप्लेनर : अणुबॉम्बचा हिशेब मांडणारे पायर्ल्स आणि प्रकाशाने रूप बदलणारे स्फटिक

रुडॉल्फ पायर्ल्स हे नाव बहुतेकदा अणुबॉम्बच्या इतिहासात वाचायला मिळते. पण लेझरच्या एका झोताने विद्युतरोधक स्फटिक वाहक होतो, या आजच्या संशोधनाच्या मुळाशीही त्यांचेच गणित आहे. गंमत म्हणजे, त्यावर स्वतंत्र शोधनिबंध लिहावा असे त्यांना वाटलेही नव्हते.

कोण होते पायर्ल्स?

जन्म ५ जून १९०७, बर्लिन. वडील केबल कारखान्याचे प्रमुख. मुलाला इंजिनीअर व्हायचे होते. पण हातकाम त्याला जमेल का, अशी घरच्यांना शंका होती. म्हणून तो भौतिकशास्त्राकडे वळला. हायझेनबर्ग आणि पाउली यांच्या हाताखाली शिकला. १९३१ मध्ये रशियन भौतिकशास्त्रज्ञ जेनिया यांच्याशी लग्न झाले. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला तेव्हा ज्यू पायर्ल्स इंग्लंडमध्ये होते. ते तिथेच राहिले.

अणुबॉम्बशी काय संबंध?

जर्मनीत जन्मल्यामुळे रडारच्या गुप्त कामात त्यांना प्रवेश नव्हता. १९४० मध्ये बर्मिंगहॅममध्ये त्यांनी ओटो फ्रिश यांच्यासोबत वेगळाच हिशेब मांडला. बॉम्बसाठी कित्येक टन युरेनियम लागेल, असा तेव्हा समज होता. शुद्ध युरेनियम-२३५ असेल तर किलोभरही पुरेल, असे त्यांचे उत्तर आले. प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त लागले, पण बॉम्ब शक्य आहे हे सरकारला पटले. गुप्तता राहावी म्हणून हे टिपण पायर्ल्स यांनी स्वतः टाइप केले. पुढे ते लॉस अलामोसमध्ये बॉम्बच्या कामात होते. युद्धानंतर मात्र अण्वस्त्रांवर नियंत्रण यावे, यासाठी ते अखेरपर्यंत झटले.

मग स्फटिकाची गोष्ट काय?

आपल्या पुस्तकाची तयारी करताना त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. समान अंतरावर उभ्या अणूंची एकच ओळ असलेला धातू थंड केला, तर तो तसा राहू शकत नाही. अणू किंचित सरकून जवळ-दूर होतात. इलेक्ट्रॉनही कुठे दाट, कुठे विरळ होतात. यात एकूण ऊर्जा वाचते, पण वीज वाहणे थांबते. या दाट-विरळ नक्षीला 'चार्ज डेन्सिटी वेव्ह' म्हणतात. १९५५ च्या आपल्या पुस्तकात हा मुद्दा घालून ते पुढे गेले.

१९७४ मध्ये बेल लॅबमधील विल्सन, डिसाल्व्हो आणि भारतीय वंशाचे सुभाष महाजन यांनी थरांच्या धातूंमध्ये अशा लहरी दाखवल्या. टँटॅलम डायसल्फाइडमध्ये तर टँटॅलमचे १३-१३ अणू एकत्र येऊन चांदणीची नक्षी तयार होते. इथे पायर्ल्स यांचे साधे गणित पुरत नाही, पण विचाराची सुरुवात तिथूनच होते.

प्रकाश काय करतो?

सोलापुरी चादरीचा जॅकार्ड माग आठवा. कार्ड बदलले की नक्षी बदलते, धागे तेच राहतात. इथे कार्डाचे काम लेझर करतो. २०१४ मध्ये स्लोव्हेनियातील संशोधकांनी थंड केलेल्या टँटॅलम डायसल्फाइडवर ३५ फेमटोसेकंदांचा झोत सोडला. (एका सेकंदाचे दहा लाख अब्ज भाग केले, तर एक भाग म्हणजे फेमटोसेकंद.) नक्षी बदलली आणि रोधक स्फटिक वाहक झाला. केवळ थंड किंवा गरम करून ही अवस्था मिळत नाही. झोत थांबल्यावरही ती टिकली. उष्णता दिल्यावर पुसली गेली.

उपयोग काय?

लिहिता-पुसता येणारी अवस्था म्हणजे मेमरी. अतिवेगवान, कमी विजेवर चालणारी मेमरी हे उद्दिष्ट आहे. अडचण अशी की, ही अवस्था अतिथंड तापमानातच टिकते. त्यामुळे ती तुमच्या मोबाइलमध्ये लगेच येणार नाही.

पायर्ल्स यांचे १९ सप्टेंबर १९९५ रोजी ऑक्सफर्डमध्ये निधन झाले. एका हिशेबाची जबाबदारी त्यांनी जन्मभर वाहिली; पुस्तकात घालून सोडून दिलेल्या दुसऱ्या हिशेबाचे पुढचे पान आता प्रयोगशाळांत लिहिले जात आहे.