चित्रकार, शिल्पकार आणि यंत्रकार : कलामहर्षी बाबूराव पेंटर



आज एका मोठ्या माणसाची ओळख करून घेऊया. पण त्याआधी माझीच एक चूक सांगतो. मागच्या वर्षी माझ्या चौथीच्या वर्गात भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. मधल्या सुट्टीत एका मुलाने ते खाली काढलं आणि पेन्सिलीच्या टोकाने उघडलं. मी वर्गात आलो तेव्हा चाकं, काटे, स्क्रू सगळं बाकावर मांडलेलं होतं. मी त्याला चांगलाच रागावलो. नंतर लक्षात आलं की सगळे स्क्रू त्याने क्रमाने, एका ओळीत ठेवले होते. ते घड्याळ मोडायला नाही तर समजून घ्यायला उघडलेलं होतं. मी मात्र ते पाहिलंच नाही.

अनेक कला एकाच माणसात म्हटलं की आपण मुलांना लिओनार्दो दा विंचीचं नाव सांगतो. इटलीत 1452 साली जन्मलेला हा माणूस चित्रं काढायचा, शरीररचनेचा अभ्यास करायचा आणि उडणाऱ्या यंत्रांचे आराखडेही करायचा. त्याच्याबद्दल जरूर सांगावं. पण आपल्या सांगोल्याहून मिरजमार्गे कोल्हापूर काही फार लांब नाही. त्या कोल्हापुरातही असाच एक माणूस होऊन गेला. लिओनार्दोची बरीचशी यंत्रं कागदावरच राहिली. आपल्या माणसाने त्याचं यंत्र बनवून चालवून दाखवलं!

जन्म आणि बालपण

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म 3 जून 1890 रोजी कोल्हापूर येथे झाला. मेस्त्री हे आडनावच कारागिराचं. घरात हत्यारं होती, हाताला काम होतं. कोणत्याही कला महाविद्यालयात न जाता ते बघून, करून आणि चुकून चित्रकला व शिल्पकला शिकले.

त्यांच्या नात्यातले आनंदराव मेस्त्री हेही तसेच हुशार. या दोघा भावांनी मिळून नाटकांचे पडदे रंगवायला सुरुवात केली. तो संगीत नाटकांचा काळ होता. केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्शसारख्या नामवंत मंडळींना त्यांनी पडदे रंगवून दिले. राजवाडा, जंगल, रस्ता अशी दृश्यं सपाट कापडावर इतकी खोल दिसायची की लोक पडद्यालाही दाद द्यायचे. पुढे मेस्त्री हे आडनाव मागे पडलं आणि लोक त्यांना पेंटर म्हणूनच ओळखू लागले.

कॅमेरा कसा तयार झाला?

1913 साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. चित्र हलतंय, हे पाहून दोघे भाऊ भारावून गेले. आपणही चित्रपट करायचा, असं त्यांनी ठरवलं. पण कॅमेरा कुठून आणायचा? परदेशी कॅमेरा घेण्याइतके पैसे नव्हते. मग त्यांनी मुंबईहून एक जुना प्रोजेक्टर मिळवला, तो खोलला आणि त्याचा अभ्यास सुरू केला.

इथे मुलांना थोडं विज्ञान सांगता येईल. प्रोजेक्टर आणि कॅमेरा यांचं काम उलटसुलट असतं. प्रोजेक्टरमधून प्रकाश फिल्ममधून बाहेर पडद्यावर जातो, तर कॅमेऱ्यात बाहेरचा प्रकाश आत फिल्मवर येतो. पण दोन्हींत फिल्म एकेक चित्राने पुढे सरकते, क्षणभर थांबते आणि पुन्हा सरकते. हे सरकणं-थांबणं अगदी मोजून झालं पाहिजे. जरा फरक पडला तर चित्र थरथरतं. त्या काळी हे सगळं हाताने दांडा फिरवून करायचं. म्हणजे एक यंत्र नीट समजलं तर दुसरं बनवण्याची वाट सापडते.

काम अर्ध्यावर असताना 1916 साली आनंदराव वारले. जोडीदार गेला, पैसा नाही आणि पुढ्यात अर्धवट यंत्र. दुसरा कोणी असता तर ते गुंडाळून ठेवून पुन्हा पडदे रंगवत बसला असता. बाबूरावांनी मात्र आपले शिष्य विष्णुपंत दामले यांना सोबत घेऊन काम पुढे नेलं आणि 1918 च्या सुमारास कॅमेरा पूर्ण केला. त्याच काळात कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तिला पैशाची मदत केली ती गायिका तानीबाई कागलकर यांनी. हे नाव मुलांना आवर्जून सांगा.

चित्रपटातील कार्य

कंपनीचा पहिला चित्रपट 'सैरंध्री' 7 फेब्रुवारी 1920 रोजी पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात लागला. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या होत्या. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. कीचकवधाचं दृश्य इतकं खरं वाटलं की पुढे त्याला कात्री लागली. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना सिनेमा केसरी ही पदवी देऊन गौरवलं.

बाबूराव चित्रीकरणाआधी दृश्यांची रेखाटनं करत. कोण कुठे उभा राहील, काय पोशाख घालेल, हे आधी कागदावर ठरायचं. रंगवलेल्या पडद्यांऐवजी त्यांनी खरोखरचे उभे सेट बांधले. ज्या पडद्यांनी त्यांना नाव दिलं, तेच त्यांनी बाजूला सारले! 1923 च्या 'सिंहगड'मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. चित्रपटांची पोस्टर्सही ते स्वतः रंगवत.

1925 साली त्यांनी 'सावकारी पाश' काढला. कथा नारायण हरी आपटे यांची. देवादिकांचे चित्रपट चालण्याच्या काळात त्यांनी सावकाराने लुबाडलेला शेतकरी पडद्यावर आणला. जमीन गेल्यावर तो शहरात जाऊन गिरणीत मजूर होतो. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. आपल्यासारख्या दुष्काळी तालुक्यातल्या माणसाला ही कथा वेगळी समजावून सांगावी लागत नाही. तेव्हा या चित्रपटाला फारशी गर्दी झाली नाही, पण आज भारतीय चित्रपटाच्या इतिहासात त्याचं नाव आदराने घेतलं जातं.

अखेरची वर्षे

1929 साली दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर कंपनीतून बाहेर पडले. सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह त्यांनी प्रभात फिल्म कंपनी सुरू केली. इकडे महाराष्ट्र फिल्म कंपनी मात्र फार काळ टिकली नाही. आपणच घडवलेली माणसं आपल्याला सोडून पुढे गेली, हे दुःख लहान नाही. पण शिक्षक म्हणून मला यात आणखी एक गोष्ट दिसते. दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. ज्या हातांनी तो घडवला, ते हात बाबूरावांच्या कार्यशाळेत तयार झाले होते.

बाबूरावांनी नंतर काही बोलपट केले. 'सावकारी पाश'ही त्यांनी 1936 साली पुन्हा काढला. मग ते आपल्या मूळ चित्र-शिल्पाकडे वळले. कोल्हापूरच्या शिवाजी चौकातला शिवाजी महाराजांचा पुतळा त्यांच्याच हातचा. 16 जानेवारी 1954 रोजी त्यांचं निधन झालं.

आपण काय घ्यायचं?

मित्रांनो, आपल्या वेळापत्रकात कला आणि कार्यानुभवाचे तास असतात. खरं सांगा, त्यातले किती तास आपण गणिताच्या सरावाला देतो? मीही देत आलो आहे. पालकही विचारतात, चित्रं काढून काय पोट भरणार आहे का? बाबूरावांच्या बाबतीत चित्रकलेने यंत्राची वाट अडवली नाही. डोळ्याला बारकावा आणि हाताला सफाई चित्रांतूनच आली आणि तीच कॅमेरा बनवताना उपयोगी पडली.

हा पाठ घेताना एक साधा उपक्रम करा. जुन्या वहीच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात मुलांना चेंडू काढायला सांगा, दर पानावर थोडा वर सरकवून. मग पानं भरभर सोडायची. चेंडू उडायला लागतो! चित्रपट म्हणजे काय, हे मुलांना एका मिनिटात समजतं.

आणि ते घड्याळ? मी ते त्या मुलाला परत दिलं, सोबत एक छोटा पेचकसही दिला. घड्याळ अजून चालू झालेलं नाही. पण आता शुक्रवारचा कार्यानुभवाचा तास मी कशालाच देत नाही. तुम्हीही तुमच्या वर्गात असं एखादं मूल शोधा. पालकहो, घरातली बिघडलेली वस्तू भंगारात देण्याआधी, वीज जोडलेली नाही ना एवढं पाहून, एकदा मुलांच्या हातात द्या.