वकिलीची सनद आणि समाजाची सेवा : न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी

मुलगा चार पैसे मिळवू लागला की शिक्षणाचे सार्थक झाले, असे आपण समजतो. मरहूम न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांचे चरित्र वाचले, म्हणजे शिक्षणाचे खरे देणे तेथून पुढे सुरू होते, हे आपल्या ध्यानी येईल.

त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत, सुलेमानी बोहरा घराण्यात झाला. वडील मुल्ला तय्यबअली हे मूळचे खंबायतचे व्यापारी. व्यापारात मुरलेल्या या गृहस्थांनी मुलांना केवळ पेढीवर न बसवता शिक्षणासाठी थेट विलायतेस धाडले, हे विशेष. थोरले बंधू कमरुद्दीन सॉलिसिटर झाले. त्यांच्या पाठोपाठ बद्रुद्दीन १८६० साली इंग्लंडला गेले. मदरशातील तालीम आणि एल्फिन्स्टनमधील शिक्षण एवढी त्यांची शिदोरी होती. तेथे डोळ्यांच्या विकाराने त्यांना अभ्यास अर्धवट सोडून घरी परतावे लागले. पण हिंमत न हरता ते पुन्हा गेले आणि १८६७ साली मिडल टेंपलमधून बॅरिस्टर झाले. विद्यार्थी मित्रांनो, एका वर्षाच्या नापाशीने शाळा सोडण्याचा विचार मनात आला, तर हे आठवा.

मुंबई हायकोर्टातील ते पहिले हिंदी बॅरिस्टर. हायकोर्टाच्या 'ओरिजिनल साइड'वर मिळकतीचे, भागीदारीचे, करारमदाराचे मोठमोठे दिवाणी दावे चालत, आणि बॅरिस्टरची जागा तोपर्यंत गोऱ्यांचीच असे. कागदपत्रांचा कसून अभ्यास, मुद्देसूद मांडणी आणि धारदार उलटतपासणी यांच्या बळावर त्यांनी तेथे आपले स्थान मिळवले.

पैसा आणि कीर्ती आली, तरी ते समाजाला विसरले नाहीत. १८७४ साली कमरुद्दीन, नाखुदा महंमद अली रोगे आदी मंडळींसह त्यांनी अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. शाळा मात्र १८८० साली सुरू झाली, आणि बोरीबंदर स्टेशनासमोरची भव्य इमारत १८९३ साली उभी राहिली. म्हणजे एकोणीस वर्षे! दिवाणी दावा लढवणाऱ्याला तारखांमागून तारखा सोसाव्या लागतात. तोच धीर त्यांनी शाळेच्या कामी लावला. आपल्या संस्थांना उतावळ्या टीकाकारांपेक्षा अशा चिवट माणसांची गरज अधिक आहे.

समाजसेवा आणि देशसेवा यांत त्यांना विरोध दिसला नाही. १८८७ साली मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. सर सय्यद अहमद खान यांचे मत वेगळे होते, परंतु बद्रुद्दीन यांनी आपली बाजू सभ्यपणे आणि ठामपणे मांडली. १८९५ साली ते हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. १८९७ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला, तेव्हा आधी जामीन नाकारण्यात आला होता. न्यायमूर्ती तय्यबजींनी तो मंजूर केला. सरकारची मर्जी त्यांनी पाहिली नाही, कायदा पाहिला. १९०२ साली त्यांनी हंगामी मुख्य न्यायाधीशपदही भूषवले.

भगिनींनो, एक गोष्ट खास तुमच्यासाठी. ज्या काळात मुलींनी उंबरठा ओलांडणे कठीण होते, त्या काळात त्यांनी आपल्या मुलींना शाळेत घातले, पुढे विलायतेसही शिकण्यास पाठवले. लोकांस उपदेश करण्यापूर्वी त्यांनी आपल्या घरापासून सुरुवात केली.

१९ ऑगस्ट १९०६ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. अंजुमनच्या शाळा आजही चालू आहेत.

पालकहो, सातवी झाली की मुलाला दुकानावर बसवण्याचा आणि मुलीला घरी ठेवण्याचा विचार मनात येईल, तेव्हा खंबायतच्या त्या व्यापाऱ्याचा हिशेब डोळ्यांपुढे आणा. त्याने मुलांच्या शिक्षणात घातलेले भांडवल एका घराण्यापुरते राहिले नाही. त्यावर साऱ्या कौमेला नफा मिळाला.