मुक्या जिवांसाठी इस्पितळ बांधणारा गिरणीमालक

मुंबईत परळच्या जुन्या वस्तीत 'बैलघोडा हॉस्पिटल' कोठे आहे, असे विचारले तर पत्ता सांगायला फारसा वेळ लागत नाही. बाई साकरबाई दिनशा पेटिट हॉस्पिटल फॉर अॅनिमल्स हे त्या इस्पितळाचे खरे नाव मात्र अनेकांना आठवावे लागते. ज्या माणसाने ते उभारले, त्या सर दिनशा माणेकजी पेटिट यांचे चरित्र गिरण्यांच्या इतिहासात सापडते, पारशी समाजाच्या इतिहासात सापडते. पण आजारी जनावराच्या उपचाराचा खर्च कोणी सोसायचा, या प्रश्नाच्या संदर्भात ते क्वचितच सांगितले जाते. हा प्रश्न आज शिरूर आणि दौंडसारख्या तालुक्यांत घरोघरी उभा राहत असल्याने त्या चरित्राकडे पुन्हा पाहणे अगत्याचे वाटते.

दिनशा यांचा जन्म ३० जून १८२३ रोजी मुंबईत झाला. घराण्याचे मूळ सुरतेचे. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांचे पूर्वज नसरवानजी कावसजी मुंबईत आले आणि बंदरात येणाऱ्या फ्रेंच जहाजांची कामे पाहू लागले. अंगाने लहानखुऱ्या या पारशी गृहस्थांना फ्रेंच खलाशी आपल्या भाषेतील 'लहान' या अर्थाच्या शब्दाने हाक मारीत. तोच शब्द पुढे घराण्याचे आडनाव झाला.

बालपणीची एक घटना येथे नोंदवली पाहिजे. दिनशा अवघे आठ वर्षांचे असताना, जून १८३२ मध्ये, मुंबईत कुत्र्यांवरून दंगल उसळली. उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारण्याचा सरकारी हुकूम होता आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस ठेवलेले होते. पैशाच्या लोभाने पाळलेली कुत्रीही घराच्या अंगणातून उचलली जाऊ लागली. पारशी धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान आहे. मृतदेहाला कुत्र्याच्या नजरेसमोर आणण्याचा सगदीद हा विधी त्यांच्या अंत्यसंस्काराचा भाग आहे. समाज रस्त्यावर उतरला, बाजार बंद पडले. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई व शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबई पांजरपोळ स्थापन झाली. जनावराला मारू नये, त्याला आसरा द्यावा, ही भावना शहरात अशी संस्थेच्या रूपाने रुजली. तथापि आसरा म्हणजे उपचार नव्हे. पांजरपोळीत जनावराला चारा-पाणी मिळे, मरेपर्यंत छप्पर मिळे. मोडलेला पाय बसवणारा, जखम शिवणारा शिकलेला माणूस तेथे असेलच, असे नव्हते.

एका निवृत्त सार्जंटच्या शाळेत आणि नंतर इंग्रजी विद्यालयात दिनशा यांचे शिक्षण झाले. सतराव्या वर्षी ते डिरोम, रिचमंड आणि कंपनी या युरोपीय पेढीत कारकून म्हणून लागले. वडील माणेकजी त्याच पेढीचे देशी व्यवस्थापक होते. पुढे दिनशा व धाकटे बंधू नसरवानजी यांनी दलालीचा स्वतंत्र व्यवसाय मांडला. मुंबईत कापडगिरण्यांचा उदय होत असलेला तो काळ. दिनशा यांनी वडिलांना या धंद्यात उतरण्यास उद्युक्त केले आणि १८६० च्या सुमारास दोघा भावांनी वडिलांच्या नावाची माणेकजी पेटिट मिल उभी केली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव गगनाला भिडले, शेअरबाजार उधाणला आणि १८६५ मध्ये कोसळला. भलेभले सावकार त्यात बुडाले. दिनशा तरले. त्यानंतरच्या तीन दशकांत मुंबईच्या गिरणी उद्योगातील अग्रणी मालकांत त्यांची गणना होऊ लागली.

त्यांची पत्नी साकरबाई या फ्रामजी भिकाजी पांडे यांच्या कन्या. रस्त्यावरील जखमी जनावरांची दैना पाहून त्या व्यथित होत आणि त्यांच्याच आग्रहातून इस्पितळाची कल्पना पुढे आली, असे सांगितले जाते. त्या काळच्या मुंबईचे रस्ते डोळ्यांसमोर आणले की हा आग्रह समजतो. मे १८७४ मध्ये शहरात घोड्यांच्या ट्रामगाड्या सुरू झाल्या. त्या ओढण्यासाठी कंपनीने नऊशे घोडे बाळगले होते. बंदरावर कापसाच्या गाठी वाहणारे बैल वेगळे, भाड्याच्या व्हिक्टोरियांचे घोडे वेगळे. सारे शहर जनावरांच्या खांद्यावर चालत होते. घोडा लंगडला किंवा बैलाच्या मानेवरील जखम चिघळली की मालक साधा हिशेब करी. उपचाराला लागणारा पैसा आणि जनावराची उरलेली किंमत यांची तुलना होई. पहिली रक्कम मोठी ठरली की जनावर रस्त्यावर सोडले जाई. गाडीवान क्रूर होता म्हणून हे घडे असे म्हणणे अर्धसत्य ठरेल. पुष्कळदा तो केवळ गरीब असे.

त्याच १८७४ साली मुंबईत प्राण्यांचा छळ रोखणारी संस्था स्थापन झाली होती. छळ करणाऱ्याला पकडणे, दंड करविणे हे तिचे काम. पण पकडलेले जखमी जनावर न्यायचे कोठे? येथे दिनशा पेटिट यांचे दान कामी आले. परळ येथे त्यांनी इस्पितळासाठी मालमत्ता दिली, १८८३ मध्ये काम सुरू झाले आणि पुढील वर्षाच्या अखेरीस व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांच्या हस्ते उद्घाटन झाले. इस्पितळाला पत्नीचे नाव देण्यात आले.

दिनशा यांच्या दानशूरपणाची यादी लांबलचक आहे. जे. जे. रुग्णालयाच्या आवारात स्त्रिया व मुलांसाठी त्यांच्या नावाचे रुग्णालय झाले, तांत्रिक शिक्षणासाठी त्यांनी मोठे साह्य केले. परंतु परळचे दान वेगळे ठरले ते दोन वर्षांनी घडलेल्या गोष्टीमुळे. २ ऑगस्ट १८८६ रोजी याच आवारात सरकारने मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू केले. जॉन हेन्री स्टील हे लष्करी पशुवैद्य पहिले प्राचार्य झाले. इस्पितळातील रुग्ण हेच विद्यार्थ्यांचे पाठ्यपुस्तक बनले. स्टील यांचे १८९१ मध्ये अकाली निधन झाले, पण तोवर महाविद्यालयाची घडी बसली होती. जीबीव्हीसी ही पदविका घेतलेले तरुण हळूहळू जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचू लागले. इमारत कोणीही धनिक बांधू शकतो; तिच्यात बसणारा डॉक्टर घडविण्याची सोय त्याच जागी झाली, हे प्रस्तुत लेखकाला या दानाचे खरे फळ वाटते.

तोपर्यंत ग्रामीण भागात घोडा आजारी पडला तर भिस्त सालोत्र्यावर असे. शिरूर, म्हणजे घोडनदी, ही एकोणिसाव्या शतकातील घोडदळाची छावणी. पूना हॉर्स या प्रसिद्ध पलटणीचा तिच्याशी दीर्घ संबंध होता. छावणीतील घोड्याची देखभाल सरकारी खर्चाने होई. छावणीबाहेरच्या कुणब्याच्या बैलाला ती चैन नव्हती. बुळकांडीची साथ आली की गोठेच्या गोठे रिकामे होत. १८८९ मध्ये या रोगांच्या संशोधनासाठी पुण्यातच सरकारी प्रयोगशाळा निघाली, ती १८९३ मध्ये हिमालयात मुक्तेश्वरला हलविण्यात आली. बुळकांडीचा जगातून समूळ नायनाट झाल्याची घोषणा व्हायला २०११ साल उजाडले.

दिनशा यांना १८८७ मध्ये सर हा किताब आणि १८९० मध्ये बॅरोनेटपद मिळाले. त्याच १८९० च्या मार्च महिन्यात साकरबाईंचे निधन झाले. या वर्षाची आणखी एक नोंद चरित्रकार सहसा शेजारी ठेवत नाहीत. पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्याशी नाते असलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीला यश येऊन जून १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. म्हणजे गिरणीमालकांत वजन असलेल्या माणसाच्या शहरात थकलेल्या बैलाला इस्पितळ आधी मिळाले आणि थकलेल्या मजुराला आठवड्याची विश्रांती त्यानंतर सहा वर्षांनी. यावरून दिनशा यांच्या भूतदयेला खोटे ठरविण्याचे कारण नाही. मात्र एकाच माणसाची करुणा कोठे पोहोचते आणि कोठे अडते, हे पाहायला हरकत नसावी.

५ मे १९०१ रोजी दिनशा पेटिट यांचा मृत्यू झाला. बॅरोनेटपद नातवाकडे गेले. या दुसऱ्या सर दिनशा यांची कन्या रतनबाई पुढे महंमद अली जिना यांच्या पत्नी झाल्या. प्राण्यांचा लळा त्यांनाही होता.

इस्पितळ आजही चालू आहे. ट्रामचे घोडे गेले, बैलगाड्या गेल्या. आता तेथे कुत्री, मांजरे, पक्षी येतात. रुग्ण बदलला तसा हिशेबही बदलला आहे आणि तो शिरूर-दौंडकडे पाहिल्यावर अधिक स्पष्ट होतो. हे दोन्ही तालुके ऊस आणि दुधाचे. सरकारी आणि जिल्हा परिषदेचे पशुवैद्यकीय दवाखाने येथे आहेत, पण त्यांची घडण गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांसाठी झालेली आहे. लसीकरण, कृत्रिम रेतन, अडलेली गाय मोकळी करणे या कामांत तेथील डॉक्टर वाकबगार असतात. अलीकडे १९६२ या क्रमांकावर फिरती पथकेही उपलब्ध झाली आहेत. त्यांचाही मुख्य भर पशुधनावर आहे. दुभत्या गाईवर खर्च केलेला पैसा दुधातून परत येतो, म्हणून शेतकरी तो खर्च धंद्यातला समजतो.

कुत्र्याचे तसे नाही. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींमुळे नव्या सोसायट्या झाल्या, त्यांत लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्ड आले. वस्तीवरच्या राखणदार गावठी कुत्र्याची संख्या तर कधीच कमी नव्हती. उसाच्या फडात त्याला घोणस चावते, बिबट्या अंगणातून ओढून नेऊ पाहतो, लस न दिलेल्या पिल्लाला पार्व्हो होतो. हे सारे बहुधा दवाखाना बंद झाल्यावर घडते. मग शिरूरहून नगर रस्त्याने ७० किलोमीटरच्या आसपास, दौंडहून सोलापूर रस्त्याने त्याहूनही अधिक अंतर कापून पुणे गाठावे लागते. गाडीचे भाडे, रात्रीची जादा फी, एक्स-रे, रक्ततपासणी, सलाइन, दाखल करून घेतल्यास दिवसाचे शुल्क असे आकडे एकावर एक चढत जातात. सर्पदंशात तर आणखी एक अडचण आहे. प्रतिविषाची मात्रा रुग्णाच्या वजनावर नव्हे, अंगात गेलेल्या विषावर ठरते. दहा किलोच्या कुत्र्यालाही माणसाइतक्याच कुप्या लागू शकतात, आणि कुप्या त्याच, माणसाच्याच. पाळीव प्राण्यांचा विमा देशात मिळतो, पण ग्रामीण भागात तो उतरविणारे अद्याप विरळा.

बाजारात गावठी कुत्र्याची किंमत शून्य. परळच्या रस्त्यावरचा गाडीवान ज्या तुलनेने जनावर सोडून देई, त्या तुलनेत हे कुत्रे पहिल्याच फेरीत बाद व्हावे. तरीही माणसे रात्री उसनवारी करून गाडी काढतात. ज्यांना ते जमत नाही, ते सकाळपर्यंत उशाशी बसून राहतात. दोन्हींतील फरक मायेचा नसतो.

कायद्याने या खर्चाचा विचार केलेला आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. १९६० च्या प्राणी छळ प्रतिबंधक कायद्याचे ३५ वे कलम छळप्रकरणातील जनावराला उपचारगृहात ठेवण्याविषयी आहे. तेथील वाहतुकीचा, देखभालीचा आणि उपचाराचा खर्च मालकाने जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी ठरविलेल्या दराने द्यावा, असे ते सांगते. मालक गरीब असल्यास दंडाधिकारी उपचाराचे शुल्क माफ करू शकतात. जनावराला छळणाऱ्याला मिळू शकणारी ही सवलत जनावराला जपणाऱ्यासाठी मात्र कोठे लिहिलेली नाही.

मुंबईत २०२४ मध्ये महालक्ष्मी येथे टाटा ट्रस्टचे लहान प्राण्यांसाठीचे अद्ययावत रुग्णालय सुरू झाले. पेटिट यांच्या इस्पितळानंतर सुमारे १४० वर्षांनी पुन्हा एका पारशी संस्थेचे दान, पुन्हा मुंबईतच. पुणे जिल्ह्याला जवळचे पशुवैद्यक महाविद्यालय सातारा जिल्ह्यात शिरवळला आहे. दौंडहून तेथे पोहोचायला थेट रेल्वे नाही आणि रात्रीची एसटी बस जखमी कुत्र्याला चढवून घेईलच, याचा भरवसा नाही.