विश्लेषण : गॅसची फायरप्लेस दिसते छान, पण खोली का तापत नाही? दोनशे वर्षांपूर्वी याचे उत्तर देणारे काउंट रम्फर्ड कोण होते?

ब्रिटनमधील जुन्या घरांत दिवाणखान्याच्या भिंतीत बांधलेली फायरप्लेस आजही दिसते. एकेकाळी तिथे कोळसा जळायचा, आता अनेक घरांत गॅस जळतो. सिरॅमिकचे खोटे निखारे किंवा ओंडके आणि त्यांच्यामधून वर येणारी पिवळी, हलती ज्योत, असा हा ‘जिवंत ज्योती’चा गॅस फायर. दिसायला सुरेख, पण ब्रिटनमध्ये घरांच्या ऊर्जा मानांकनासाठी वापरल्या गेलेल्या सरकारी कोष्टकांत, उघड्या धुराड्याखाली बसवलेल्या शोभेच्या गॅस फायरची कार्यक्षमता अवघी २० टक्के धरली आहे. म्हणजे १०० पौंडांच्या गॅसमधले ८० पौंड धुराड्यातून थेट आकाशात! ही गळती नेमकी कुठे होते आणि ती कशी रोखायची, याचे उत्तर १७९६ मध्येच लिहिले गेले होते. ते लिहिणारे बेंजामिन थॉम्पसन ऊर्फ काउंट रम्फर्ड हे शास्त्रज्ञ होतेच, शिवाय सैनिक, हेर आणि मंत्रीही होते.

रम्फर्ड मूळचे कुठले?

बेंजामिन थॉम्पसन यांचा जन्म २६ मार्च १७५३ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये, वोबर्न या गावी शेतकरी कुटुंबात झाला. वडील ते अगदी लहान असतानाच वारले. तेराव्या वर्षी सेलम बंदरातील एका दुकानात ते उमेदवारी करू लागले. फारसे औपचारिक शिक्षण मिळाले नाही, पण प्रयोगांची हौस दांडगी. फटाक्यांची दारू तयार करताना झालेल्या स्फोटात ते चांगलेच भाजले होते.

१७७२ मध्ये, वयाच्या १९व्या वर्षी, त्यांनी सारा रोल्फ या श्रीमंत विधवेशी लग्न केले. त्या वयाने त्यांच्याहून बऱ्याच मोठ्या होत्या. त्यांचे गाव न्यू हॅम्पशायरमधील काँकर्ड. याच गावाचे जुने नाव रम्फर्ड. या लग्नामुळे थॉम्पसन ब्रिटिश गव्हर्नरच्या वर्तुळात पोहोचले आणि थेट मेजर झाले. पुढे स्वातंत्र्ययुद्धाचे वारे वाहू लागले तेव्हा ते राजाच्या बाजूने राहिले. १७७४ च्या अखेरीस संतप्त जमाव घरावर येत असल्याचे कळताच, पत्नी आणि अवघ्या काही आठवड्यांच्या मुलीला मागे ठेवून ते पळाले. बोस्टनमधील ब्रिटिश सैन्याला त्यांनी अदृश्य शाईने बातम्या पुरवल्या. १७७६ मध्ये त्यांनी लंडन गाठले. अमेरिका सोडल्यानंतर पत्नीची आणि त्यांची पुन्हा कधीच भेट झाली नाही.

उष्णतेच्या अभ्यासाकडे ते कसे वळले?

लंडनमध्ये त्यांनी बंदुकीच्या दारूवर प्रयोग केले आणि १७७९ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १७८४ मध्ये राजा तिसरा जॉर्ज यांनी त्यांना ‘सर’ ही पदवी दिली. त्यानंतर ते बव्हेरियाचे शासक कार्ल थिओडोर यांच्या नोकरीत म्युनिकला गेले. तिथे लष्कराची पुनर्रचना त्यांच्याकडे आली.

सैनिकांना थंडीत ऊब देणारा गणवेश हवा होता. कोणते कापड सर्वात उबदार, हे त्यांनी अंदाजाने न ठरवता थर्मामीटर लावून मोजले. लोकर, फर, पिसे यांची ऊब धाग्यापेक्षा त्यांच्यात अडकलेल्या हवेमुळे असते, हे त्यांच्या लक्षात आले. अडकलेली हवा उष्णता राखते आणि वाहती हवा ती पळवते. हीच गोष्ट पुढे फायरप्लेसच्या कामात निर्णायक ठरली. उष्णतेवरील या कामासाठी १७९२ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक मिळाले.

म्युनिकमध्ये आणखी काय केले?

१ जानेवारी १७९० रोजी त्यांच्या आदेशावरून सैनिकांनी म्युनिकमधील भिकाऱ्यांना पकडून एका कार्यशाळेत आणले. तिथे त्यांना लष्करासाठी कापड व गणवेश तयार करण्याचे काम आणि त्या बदल्यात गरम जेवण दिले गेले. यात सक्ती होती आणि लष्कराचा फायदाही होता. मात्र उपाशी माणसाला आधी जेवण व ऊब द्यावी, मग शिस्तीची अपेक्षा करावी, हा विचार त्या काळात नवा होता. बार्ली, वाटाणे आणि बटाट्याचे ‘रम्फर्ड सूप’ इथूनच युरोपभर पोहोचले.

इतक्या लोकांचे रोजचे जेवण शिजवायचे तर जळण किती लागेल? त्यांनी ते मोजले. उघड्या आगीवर टांगलेल्या भांड्याला थोडीच उष्णता मिळते, बाकी आजूबाजूने निघून जाते, हे दिसल्यावर त्यांनी विटांच्या बंदिस्त चुली बांधल्या. प्रत्येक भांड्याखाली वेगळी आग, हवा कमी-जास्त करायला झडप आणि धूर भांड्याभोवती फिरून बाहेर जाईल अशी वाट, अशी ती रचना होती. म्युनिकमधील ‘इंग्लिश गार्डन’ हे मोठे उद्यानही १७८९ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने सुरू झाले. या कामगिरीबद्दल त्यांना काउंट ही पदवी मिळाली. नावासाठी त्यांनी निवडले ते पत्नीच्या गावाचे जुने नाव : रम्फर्ड.

लंडनच्या फायरप्लेसमध्ये दोष काय होता?

रम्फर्ड १७९५ मध्ये लंडनला परतले. शहरावर कोळशाच्या धुराचा काळा ढग असायचा. इतरांना त्यात घाण दिसायची, त्यांना त्यात न जळलेला, वाया गेलेला कोळसा दिसला.

त्या वेळची फायरप्लेस म्हणजे भिंतीतला मोठा चौकोनी कोनाडा. त्यावर माणूस आत शिरेल एवढे रुंद धुराडे. गरम हवा हलकी होऊन वर जाते, त्यामुळे धुराडे सतत खालची हवा ओढते. रुंद धुराडे धुराबरोबर खोलीतली तापलेली हवाही ओढून नेते. तिची जागा घ्यायला दाराखिडक्यांच्या फटींतून बाहेरची थंड हवा आत येते. म्हणून आगीसमोर बसलेल्या माणसाचे तोंड भाजते आणि पाठ गारठते. आग जितकी मोठी, तितकी ही ओढ जास्त.

रम्फर्ड यांचा निष्कर्ष स्पष्ट होता. उघड्या आगीपासून खोलीला मिळते ती मुख्यतः प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपात थेट येणारी उष्णता. तापलेली हवा वरच जाणार. मग दोनच गोष्टी हातात उरतात : प्रारण खोलीकडे वळवणे आणि धुराड्यात जाणारी हवा कमी करणे.

त्यांनी नेमके काय बदलले?

पहिला बदल धुराड्याच्या गळ्यात. आगीच्या वरचा हा भाग त्यांनी सुमारे ४ इंचांपर्यंत अरुंद केला. धूर जाईल, पण खोलीतली हवा फारशी जाणार नाही, एवढीच वाट ठेवली. दुसरा बदल आकारात. मागची भिंत समोरच्या तोंडाच्या साधारण एक तृतीयांश रुंदीची केली आणि बाजूच्या भिंती मागच्या भिंतीशी १३५ अंशांचा कोन करून बाहेरच्या बाजूला तिरक्या उघडल्या. त्यामुळे किरण समोरासमोरच्या भिंतींत न अडकता खोलीत येऊ लागले. तिसरा बदल साहित्यात. लोखंड उष्णता झटकन वाहून नेते, म्हणून त्याऐवजी वीट किंवा दगड, आणि वर चुन्याचा पांढरा हात. चौथा बदल गळ्याच्या पुढच्या कडेला. ती गोलसर केली, म्हणजे धूर भोवरा न होता सरळ वर जाईल.

एक अडचण उरली. त्या काळी धुराडे साफ करणारा माणूस किंवा मुलगा आतून वर चढायचा. ४ इंचांतून तो कसा जाणार? त्यासाठी रम्फर्ड यांनी गळ्याच्या मागच्या भिंतीत काढता-बसवता येणारी फरशी ठेवली.

नवे यंत्र नाही, महागडा धातू नाही. गवंडी, थोड्या विटा आणि चुना पुरे. जळणाची निम्म्याहून जास्त बचत होते, असा त्यांचा दावा होता. त्यांनी याचे पेटंट घेतले नाही, उलट कुणालाही बांधता यावे म्हणून मापांसह निबंध छापला. ही फायरप्लेस इतकी रूढ झाली, की जेन ऑस्टेन यांच्या ‘नॉर्थँगर ॲबी’ या कादंबरीतही तिचा उल्लेख येतो.

तोफेचा प्रसिद्ध प्रयोग कोणता?

उष्णता हा ‘कॅलरिक’ नावाचा अदृश्य द्रव आहे, असे तेव्हा मानले जाई. म्युनिकमध्ये तोफांना भोक पाडताना धातू प्रचंड तापतो, हे रम्फर्ड यांनी पाहिले होते. त्यांनी मुद्दाम बोथट हत्यार घेतले, धातूभोवती पाण्याची पेटी बसवली आणि घोड्यांच्या साह्याने यंत्र फिरवले. सुमारे अडीच तासांत आगीशिवाय पाणी उकळले! घर्षण चालू आहे तोवर उष्णता निघतच राहते. मग ती धातूत साठवलेला द्रव कशी असेल? उष्णता ही गतीच आहे, हा विचार त्यांनी १७९८ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडला. पुढे १८४० च्या दशकात जूल यांच्या मोजमापांनी त्याला भक्कम आधार मिळाला.

अखेरची वर्षे कशी गेली?

१७९९ मध्ये रम्फर्ड यांच्या पुढाकाराने लंडनमध्ये रॉयल इन्स्टिट्यूशन स्थापन झाली. १८०१ मध्ये तिथे तरुण हम्फ्री डेव्ही यांची नेमणूक झाली. पुढे मायकेल फॅरेडे यांनीही तिथेच काम केले. सहकाऱ्यांशी मात्र रम्फर्ड यांचे फारसे जमले नाही आणि ते फ्रान्सला गेले. १८०५ मध्ये त्यांनी मारी-ॲन लाव्हाझिए यांच्याशी विवाह केला. ‘कॅलरिक’ हा शब्द रूढ करणाऱ्या आणि १७९४ मध्ये गिलोटिनवर गेलेल्या आंत्वान लाव्हाझिए यांच्या त्या पत्नी. हा संसार १८०९ मध्ये मोडला. २१ ऑगस्ट १८१४ रोजी पॅरिसजवळच्या ओतय येथे रम्फर्ड यांचे निधन झाले.

गॅस आला, मग प्रश्न सुटला का?

गॅसमुळे राख आणि कोळशाचा धूर गेला, धुराड्याची ओढ मात्र कायम राहिली. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. शोभेच्या गॅस फायरमध्ये गॅस जळत नाही असे नाही. तो जवळपास सगळा जळतो. प्रश्न आहे तो तयार झालेली उष्णता जाते कुठे, हा.

स्वयंपाकघरातल्या गॅसची ज्योत निळी असते, कारण बर्नरमध्येच गॅसमध्ये हवा मिसळते. ‘जिवंत’ पिवळ्या ज्योतीसाठी ही हवा मुद्दाम कमी ठेवतात. मग ज्योतीत कार्बनचे सूक्ष्म कण तयार होऊन तापतात आणि पिवळे चमकतात. अशी ज्योत प्रारण चांगले देते. पण तिला भोवतालून भरपूर हवा लागते आणि ती थंड सिरॅमिकला टेकली तर काजळी धरते. म्हणून मोकळी जागा, उघडे तोंड आणि रुंद धुराडे ठेवले जाते, आणि रम्फर्ड यांनी बंद केलेली गळती पुन्हा सुरू होते.

कार्यक्षम रचना कशी करतात?

उपाय रम्फर्ड यांच्याच वाटेचे आहेत. ज्योतीचा काही भाग निळा ठेवून त्याने सिरॅमिक लाल होईपर्यंत तापवायचे, म्हणजे खोलीकडे जाणारे प्रारण वाढते. शोभेसाठी थोड्या पिवळ्या ज्योती पुरतात. मागे उष्णतारोधक भिंत द्यायची आणि बाजू तिरक्या ठेवायच्या. फायरभोवतीच्या फटी बंद करून तो फायरप्लेसच्या तोंडाला नीट जोडला, तर त्याच सरकारी कोष्टकांत कार्यक्षमता २० वरून ४० टक्के धरली जाते. बंद तोंडाचा आणि पंखा असलेला गॅस फायर ७२ टक्क्यांवर जातो. समोर काच असली तर ज्योत दिसते, पण खोलीची हवा कमी ओढली जाते. काही प्रकारांत एकात एक बसवलेल्या दोन नळ्या असतात : एकीतून बाहेरची हवा आत येते, दुसरीतून जळालेला वायू बाहेर जातो. खोलीची हवा वापरलीच जात नाही.

मग धुराडे आपणच अरुंद केले तर?

हे कधीही करू नये. रम्फर्ड यांचे ४ इंच कोळसा-लाकडाच्या आगीसाठी होते. गॅस फायरला किती वाट हवी, हे त्या उपकरणावर ठरते. उघड्या धुराड्याखाली शोभेचा गॅस फायर बसवताना धुराड्याची झडप काढून टाकतात किंवा उघडी पक्की करतात, ती याच कारणाने. वाट अपुरी पडली तर कार्बन मोनॉक्साइड खोलीत साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. महाराष्ट्रात बंद न्हाणीघरातील गॅस गीझरमुळे जीव जातात, त्यामागेही बहुतेक वेळा हाच वायू असतो. सिरॅमिकचे ओंडके आपल्या मनाने इकडेतिकडे रचणेही धोक्याचे, कारण ज्योत त्यांना टेकली की काजळी आणि हा वायू दोन्ही वाढतात.

त्यामुळे ब्रिटनमध्ये जुन्या घरात राहायला गेलेल्या मराठी कुटुंबांनी फायर विकत घेताना किंवा बदलताना ज्योत किती खरी दिसते, याआधी दोन गोष्टी विचाराव्यात : कार्यक्षमता किती टक्के आणि जळायला लागणारी हवा येते कुठून, खोलीतून की बाहेरून. काम ‘गॅस सेफ’ नोंदणी असलेल्या तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे आणि खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावावा.